मठातील दुसरे आसन : प्रस्तावना

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इटलीतील माँटे कॅसिनोच्या डोंगरावर राहून, आपल्या मठवासी बांधवांसाठी जी नियमावली सिद्ध केली तिची प्रकरणे 73 आहेत; आणि प्रार्थना, श्रम, भोजन, निद्रा, आतिथ्य, रुग्णसेवा अशा सर्व विषयांत मनुष्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेणारा, मिताचारी आणि ममताळू असा तिचा एकंदर सूर आहे. 65व्या प्रकरणाशी पोचलेल्या वाचकाला मात्र हा सूर एकाएकी पालटलेला आढळतो. तेथे विषय निघतो तो मठाधिपतीच्या खालोखाल बसणाऱ्या आणि त्याच्या गैरहजेरीत घराचा सारा कारभार वाहणाऱ्या त्याच्या दुय्यमाचा. आणि मत्सर, कलह, निंदा, फूट, अव्यवस्था अशा अनर्थांची जी मालिका संत बेनेडिक्ट त्या पदाच्या माथी मांडतात, तशी त्यांनी मठातील अन्य कोणत्याही पदाविषयी मांडलेली नाही. हा दुय्यम स्वतःला दुसरा मठाधिपती समजू लागला की मठ दुभंगतो, हे त्यांनी बहुधा डोळ्यांनी पाहिलेले असावे. कारण इतका कडवटपणा केवळ तर्काने येत नाही.

असे असूनही ते पद संत बेनेडिक्ट यांनी रद्द केले नाही, आणि त्यांच्यामागून आलेल्या पंधरा शतकांत कॅथलिक मठजीवनाच्या एकाही मोठ्या परंपरेला त्यावाचून चालले नाही. ज्याचे भय सर्वांत अधिक त्याचीच गरजही सर्वांत अधिक, अशी ही स्थिती आहे. आणि तिचा उलगडा करावा, तिच्यातून समूहजीवनाच्या व्यवस्थेविषयी काही शिकावे, एवढ्याच हेतूने प्रस्तुत ग्रंथाची योजना झाली आहे.

मराठी वाचकाला हा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल, म्हणून मूळ रचनेची थोडी ओळख करून देणे अगत्याचे आहे. कॅथलिक धर्मसंघात व्रतस्थ जीवनाचे अनेक प्रकार आहेत. बेनेडिक्टाइन व सिस्टर्शियन हे शब्दाच्या खऱ्या अर्थाने मठवासी: एका घरात प्रवेश करावा आणि देह ठेवीपर्यंत तेथेच राहावे, असे त्यांचे व्रत आहे. डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन आणि कार्मेलाइट हे भिक्षुसंघ होत. त्यांची घरे मठासारखीच, परंतु त्यांतील माणसे प्रांताच्या अधिकाऱ्याच्या आज्ञेने एका घरातून दुसऱ्या घरात जातात. जेझुइट हे याहूनही वेगळे. समूहाने दिवसाच्या ठराविक घटिकांना प्रार्थना गाण्याचे बंधन त्यांनी संघकार्यासाठी मुद्दाम दूर ठेवले. या भेदांबरोबर पदांची नावेही बदलतात. बेनेडिक्टाइनांचा प्रमुख ॲबट आणि त्याचा दुय्यम प्रायर, त्याच्याही खाली सबप्रायर. डोमिनिकन व ऑगस्टिनियन घरांत प्रायर हाच प्रमुख आणि सबप्रायर हा दुय्यम. फ्रान्सिस्कनांकडे गार्डियन आणि त्याचा व्हिकर. मठवासीच असलेल्या कार्थुशियनांकडे प्रायर आणि व्हिकर. जेझुइटांकडे रेक्टर किंवा सुपीरियर आणि मिनिस्टर. स्त्रियांच्या मठांतही हीच रचना असते. या सर्वांना आम्ही या ग्रंथात सामान्यतः ‘उपाधिपती’ म्हटले आहे. जेथे संघाचा विशेष सांगायचा आहे तेथे मूळ पदनामच ठेवले आहे.

हा उपाधिपती करतो काय? मठाधिपती हा घराचा पिता. उपदेश, दीक्षा, बाहेरच्या जगाशी आणि धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांशी व्यवहार ही त्याची क्षेत्रे. धान्य, वस्त्रे आणि जमाखर्च यांचा कारभारी वेगळा असतो, त्यास सेलरर म्हणतात. या दोहोंच्या मधला जो अवकाश, म्हणजे रोजच्या जीवनाची शिस्त, तो उपाधिपतीचा. प्रार्थनेला कोण वेळेवर आला, मौनाच्या घटिकांत कोण बोलला, आजाऱ्याला उपवासातून सूट कोणी द्यावी, शेतावर किंवा ग्रंथालयात कोणाला कोणते काम द्यावे, दोन वृद्ध बांधवांत अबोला पडला तर तो कोणी मोडावा, ही सारी त्याच्या दप्तरातील प्रकरणे. एकत्र कुटुंबात सासूच्या हयातीत कमरेला किल्ल्या लावणाऱ्या थोरल्या सुनेची जी अवस्था असते, तीच त्याची असते: सारे घर तिच्याकडे पाहते, तिच्या हातून चालते, परंतु त्या किल्ल्या तिच्या मालकीच्या नसतात. अधिकार पूर्ण वापरावयाचा आणि तो आपला मानावयाचा नाही, असे हे कठीण व्रत आहे; ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञाधारकता या तीन व्रतांच्या पंक्तीला कोणी ते बसविले नसले तरी, उपाधिपती होणाऱ्याला ते न उच्चारता घ्यावेच लागते.

या पदाचा इतिहास मठजीवनाइतकाच जुना आहे. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात वरच्या इजिप्तमध्ये, नाईल नदीकाठी ताबेन्निसी येथे संत पाखोमियस यांनी सामूहिक मठजीवनाचा पाया घातला. त्यांचे मठ अनेक गृहांत विभागलेले असत, प्रत्येक गृहाला एक गृहप्रमुख असे आणि त्याच्या जोडीला ‘दुसरा’ या साध्या नावाचा एक साहाय्यक असे. आशिया मायनरमध्ये संत बेसिल यांनीही आपल्या नियमांत, प्रमुख प्रवासास गेला असता त्याचे स्थान सांभाळणारा कोणी आधीच ठरलेला असावा, असे सांगितले. त्यामागील विचार व्यवहारी होता, कारण प्रमुख नाही म्हणून आलेल्या पाहुण्यांशी जो तो बोलू लागला की मठाची मर्यादा सुटते. म्हणजे आरंभी हे पद केवळ सोयीचे होते, त्यात कोणालाही धोका दिसत नव्हता.

धोका दिसू लागला तो पश्चिमेकडे. संत बेनेडिक्ट यांच्या थोडे आधी इटलीतच लिहिल्या गेलेल्या आणि ‘मास्टरचा नियम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका विस्तृत नियमावलीच्या अनामिक कर्त्याने तर, मठाधिपतीने कायमचा दुय्यम नेमूच नये असे सांगितले. उत्तराधिकारी कोण होणार हे कोणालाच ठाऊक नसले म्हणजे सारेच बांधव सद्गुणांत एकमेकांच्या पुढे जाण्याचा यत्न करतील, अशी त्याची धारणा होती. संत बेनेडिक्ट यांनी या ग्रंथाचा पुष्कळ आधार घेतला, परंतु या बाबतीत ते त्याच्यापासून दूर गेले. माणसे मोठ्या पदाच्या आशेने स्पर्धा करू लागली की त्यांचे सद्गुण कितपत टिकतात, याचा त्यांना भरवसा नसावा.

65व्या प्रकरणाचे मर्म शांतपणे पाहिले तर संत बेनेडिक्ट यांचा रोख व्यक्तीवर नसून नेमणुकीच्या रीतीवर आहे, असे ध्यानात येते. ज्या बिशपांनी किंवा शेजारच्या मठाधिपतींनी या घराचा प्रमुख नेमला त्यांनीच त्याचा दुय्यमही नेमला, की दुय्यमाच्या मनात विष पेरले जाते, असे त्यांचे निदान आहे. कारण ज्याची सनद बाहेरून आलेली आहे तो घरातल्या प्रमुखाचे उत्तरदायित्व मानण्यास बांधलेला राहत नाही. यावर त्यांचा उपाय असा की, शक्य तेथे दहा-दहा बांधवांवर एकेक डीन नेमून कारभार वाटून द्यावा, म्हणजे एका हातात फार सत्ता साचणार नाही. आणि स्थानिक गरजेने उपाधिपती नेमणे भागच पडले तर ईश्वराचे भय बाळगणाऱ्या बांधवांचा सल्ला घेऊन स्वतः मठाधिपतीनेच तो नेमावा. चुकणाऱ्या डीनला तीनदा समज द्यावी, उपाधिपतीला मात्र चारदा, असा एक बारकावा ते नोंदवितात. त्याने न सुधारल्यास त्याला पदावरून दूर करावे, आणि त्यानंतरही तो शांत व आज्ञाधारक राहिला नाही तर मठाबाहेर घालवावे. आणि प्रकरणाच्या अखेरीस त्यांचा दृष्टिक्षेप एकाएकी मठाधिपतीकडे वळतो: मत्सराने तुझेच अंतःकरण तर जळत नाही ना, हे पाहा, कारण तुला आपल्या प्रत्येक निर्णयाचा हिशेब ईश्वरापुढे द्यावयाचा आहे. दुय्यमावरील एवढ्या कठोर अभियोगाचा शेवट वरिष्ठाच्या आत्मपरीक्षणात करणे, हे या नियमावलीचे खरे मोठेपण आहे.

पोप महान ग्रेगरी यांनी संत बेनेडिक्ट यांचे जे चरित्र सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिले, त्यातील एक प्रसंग येथे विसरता येत नाही. तेर्राचीना येथे नवा मठ काढण्यासाठी संत बेनेडिक्ट यांनी काही बांधव पाठविले, त्यांचा प्रमुख नेमला आणि त्याचा दुय्यमही स्वतःच नेमला. पुढे ठरल्या दिवशी त्या दोघांच्याही स्वप्नात येऊन इमारती कोठे उभ्या करावयाच्या ते त्यांनी दाखविले, अशी ती कथा आहे. आपल्याच नियमात ज्या रीतीचा निषेध आहे ती रीत त्यांनी स्वतः का स्वीकारली असावी? आमच्या मते उत्तर त्या स्वप्नातच आहे. दोघांनाही एकच आराखडा दिसला. नेमणूक करणारा एकच असूनही फूट पडली नाही, कारण दोघांच्या मनात घराचे चित्र एकच होते. ज्या घरात असे एकच चित्र नसते, त्या घराला नेमणुकीच्या नियमांचा आधार लागतो. आणि बहुसंख्य घरे अशीच असल्यामुळे नियम आवश्यक ठरतात.

मध्ययुगात हे पद विस्तारत गेले. 910 मध्ये स्थापन झालेल्या क्लूनीच्या मठाने फ्रान्सबाहेरही आपली शेकडो घरे वसविली, आणि त्यांतील बहुतेकांचा ॲबट एकच असल्यामुळे प्रायरांवर भार पडला. खुद्द क्लूनीत मठाच्या इनामी गावांची आणि बाहेरच्या व्यवहाराची देखरेख करणारा महाप्रायर वेगळा आणि आवाराच्या आतील शिस्त पाहणारा प्रायर वेगळा, अशी वाटणी झाली. 1098 मध्ये सीतो येथे उगम पावलेल्या सिस्टर्शियन संघाने प्रत्येक ॲबटाने दरवर्षी मुख्य मठातील महासभेस जावे आणि आपल्या कन्यामठांची दरवर्षी पाहणी करावी, असा दंडक घातला. त्यामुळे वर्षातील कित्येक आठवडे प्रत्येक घर प्रायरच्या स्वाधीन असे. प्रमुखाला सक्तीने घराबाहेर काढणारी ही व्यवस्था दुय्यमाची कसोटी पाहणारी होती, आणि संघाचा झपाट्याने झालेला विस्तार पाहता पुष्कळ प्रायर त्या कसोटीस उतरले असले पाहिजेत.

परंतु या पदाचे सर्वांत तेजस्वी उदाहरण नॉर्मंडीतील बेक येथील मठात पाहावयास मिळते. त्याचा संस्थापक हर्लुइन हा मूळचा योद्धा. प्रौढपणी त्याने अक्षरे गिरविली. त्याचा प्रायर झाला तो लान्फ्रँक, त्या काळातील एक अग्रगण्य पंडित, आणि 1063 मध्ये त्याने बेक सोडल्यावर अँसेल्म. ज्याचा प्रमुख शास्त्रात आपल्याहून उणा आहे अशा दुय्यमाला गर्व होणे किती सोपे असते! येथे तसे घडले नाही. हर्लुइनची साधुता आणि प्रायरांची विद्वत्ता यांनी एकमेकांना पूर्ण केले, आणि बेकची पाठशाळा सर्व युरोपात विख्यात झाली. अँसेल्म यांनी ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचे आपले दोन युगप्रवर्तक ग्रंथ, ‘मोनोलोगियन’ आणि ‘प्रोस्लोगियन’, प्रायरपदावर असतानाच लिहिले. प्रायरपदाच्या कामाचा त्यांना इतका शीण होता की त्यातून मुक्त करावे अशी विनंती त्यांनी रुआँच्या आर्चबिशपना केली होती आणि ती मान्य झाली नाही, असे त्यांचा चरित्रकार ईडमर सांगतो. दुय्यमपदाला चिकटून राहणाऱ्यांच्या कहाण्या पुष्कळ सापडतात; ते सोडू पाहणारा आणि आज्ञेखातर न सोडणारा असा हा एक. 1078 मध्ये हर्लुइनच्या मृत्यूनंतर ते मठाधिपती झाले आणि 1093 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप.

दुसरे नाव थॉमस आ केंपिस यांचे. ‘ख्रिस्तानुकरण’ या जगभर वाचल्या गेलेल्या भक्तिग्रंथाचे कर्तृत्व ज्यांच्याकडे दिले जाते, ते हे नेदरलंडमधील झ्वोलेजवळच्या सेंट ॲग्नेस टेकडीवरील मठात सबप्रायर होते. 1425 मध्ये आणि पुढे पुन्हा एकदा त्यांनी ते पद सांभाळले. स्वामी विवेकानंदांनी या ग्रंथाचा काही भाग बंगालीत आणला, म्हणून तो आपल्याकडेही सर्वस्वी अपरिचित नाही. अहंकार गाळून टाकण्याचा जो आग्रह त्या ग्रंथाच्या पानापानांत भरलेला आहे, त्यामागे अधिकाराच्या दुसऱ्या पायरीवर बसून मिळविलेला अनुभवही असावा, असे आम्हांस वाटते.

यानंतरचा काळ मात्र उतरणीचा. मठाच्या उत्पन्नाची सनद दरबारी सरदारांना आणि बाहेरच्या धर्माधिकाऱ्यांना देण्याची प्रथा बळावली. 1516 च्या बोलोन्या करारान्वये फ्रान्सच्या राजाला बिशपांच्या व मठाधिपतींच्या नियुक्तीचा हक्क मिळाला, आणि पुष्कळ ॲबट हे मठात पाऊल न टाकणारे, केवळ वसूल घेणारे जहागीरदार झाले. आपल्या वतनदारीतही वतनदार दूर राहून मुतालिकाकडून कारभार करवीत, त्याचेच हे दुसरे रूप. अशा घरांत व्रत, प्रार्थना आणि शिस्त टिकली ती आतल्या प्रायरांमुळे. संत बेनेडिक्ट यांना ज्या पदापासून मठाचा नाश होईल असे भय होते त्याच पदाने, प्रमुखपद विकले गेलेल्या काळात, मठ वाचविला. इतिहासाने दिलेला हा निवाडा आम्हांस अतिशय महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावरून पद स्वतः दुष्ट नसते, त्याची मुळे कोठे रुजली आहेत यावर सारे अवलंबून असते, हे सिद्ध होते.

या दीर्घ इतिहासातून दुय्यमपदाविषयी तीन संप्रदाय स्पष्ट दिसतात. पहिला बेनेडिक्टाइन: प्रमुख दीर्घकाळ राहणारा पिता, आणि दुय्यम त्याच्या इच्छेने नेमलेला व त्याच्या इच्छेने दूर होणारा. दुसरा भिक्षुसंघांचा, ज्याचा नमुना तेराव्या शतकातील डोमिनिकन घटनेत आढळतो: प्रमुखच मुळी बांधवांनी मुदतीपुरता निवडलेला असतो, आणि सबप्रायर तो सल्लामसलतीने नेमतो, आज जो प्रमुख तो उद्या साधा बांधव, त्यामुळे कोणतेही आसन कोणाचे होऊन बसत नाही. तिसरा जेझुइटांचा: नेमणुका वरून येतात, घराचा मिनिस्टर अन्न, वस्त्र, निवास आणि दिनक्रम पाहतो, आणि वरिष्ठाला त्याच्या चुका नम्रपणे दाखविण्यासाठी ॲडमॉनिटर नावाचा वेगळाच बांधव नेमलेला असतो. प्रमुखाला साहाय्य करणे आणि प्रमुखाला सावध करणे ही दोन कामे निरनिराळ्या माणसांकडे देण्याची ही युक्ती फार विचारपूर्वक योजलेली आहे. कारण हाती कारभार असलेला माणूसच टीका करू लागला तर ती टीका महत्त्वाकांक्षेसारखी दिसू लागते.

हे सारे आपल्या भूमीशी अनोळखी नाही. गोव्यात फ्रान्सिस्कन 1517 मध्ये, जेझुइट 1542 मध्ये, डोमिनिकन 1548 मध्ये आणि ऑगस्टिनियन 1572 मध्ये आले, आणि त्यांच्याबरोबर वर सांगितलेली सर्व पदेही आली. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन अशा चारही संघांची घरे होती. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला त्यानंतर ती ओस पडली, आणि त्यांचे भग्नावशेष आजही तेथे फिरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने पाहिलेले असतात. मराठी भाषेचे तर या पदाशी साक्षात नाते आहे. ज्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले, आणि मराठी भाषेवरील ज्यांचे प्रेम आपल्या वाङ्मयेतिहासात आदराने नोंदले आहे, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी, 1579 मध्ये गोव्यात आल्यानंतर, साष्टीत जाण्यापूर्वी गोव्यातील जेझुइट निवासाच्या मिनिस्टरचे काम केले होते. ओवीत येशूचरित्र गाणारा हा कवी आधी एका घराच्या रोजच्या अन्नवस्त्राची आणि आजाऱ्यांची चिंता वाहत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे सामान्य माणसाच्या घरात सहज शिरणारी त्याची भाषा अधिक जवळची वाटू लागते.

स्त्रियांच्या मठाचे उदाहरण म्हणून जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाइतके बोलके दुसरे नाही. आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांनी 1606 मध्ये ऑगस्टिनियन नियमाखाली त्याची स्थापना केली. 1627 मध्ये भव्य इमारत पूर्ण झाली, 1636 मध्ये ती आगीत जळाली आणि पुन्हा उभारली गेली. पहिली प्रायोरेस फिलिपा दा त्रिंदादी ही विधवा होती आणि तिच्यासमवेत तिच्या कन्येनेही व्रत घेतले. धर्मभगिनींची संख्या किती असावी, त्यांच्यासोबत येणाऱ्या हुंड्याच्या रकमेचे काय व्हावे, यावरून गोव्याच्या नगरसभेशी मठाचे दीर्घकाळ वाद चालले. बाहेर असे वाद पेटलेले असताना आतला दिनक्रम अखंड चालविणे हे प्रायोरेसइतकेच तिच्या दुय्यम भगिनीचे काम असे. ऑगस्टिनियन परंपरेत प्रमुख आजारी पडली वा तिचा अंत झाला की पुढील निवडणूक होईपर्यंत घर या दुय्यम भगिनीच्या स्वाधीन असते. 1834 मध्ये पोर्तुगालने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले आणि स्त्रियांच्या मठांत नव्या प्रवेशाला बंदी घातली. त्यानंतर सांता मोनिकेत कोणी नवी आली नाही. एकामागून एक भगिनी निवर्तत गेल्या आणि 1885 मध्ये अखेरची भगिनी वारली. घरात एकच माणूस उरले की प्रमुखपदही नाहीसे होते आणि दुय्यमपदही. अधिकार हा समूहाचा गुण आहे, व्यक्तीचा नव्हे, हे या मठाच्या अंताने जितके स्पष्ट दाखविले तितके कोणत्याही शास्त्रग्रंथाने दाखविलेले नाही. आज त्याच वास्तूत धर्मभगिनींची शिक्षणसंस्था आणि ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतात मठजीवनाने नवे रूप धारण केले. 1950 मध्ये तामिळनाडूत कावेरीकाठी उभे राहिलेले शांतिवनम, 1957 च्या सुमारास बंगळूरजवळ स्थापन झालेले आशीर्वनम आणि 1958 मध्ये केरळच्या डोंगरात सुरू झालेले कुरिसुमला, या आश्रमांनी संत बेनेडिक्ट यांच्या परंपरेला भारतीय संन्यासाची भाषा देण्याचा प्रयत्न केला. एका तेजस्वी संस्थापकाभोवती जमलेल्या आश्रमात त्याच्या पश्चात् काय होणार हा प्रश्न येथेही उभा राहतो. आणि त्याचे उत्तर संस्थापकाच्या हयातीत कोणाला कारभार शिकविला गेला यावर ठरते.

हा ग्रंथ इस्लापूरला बसून लिहावा असे वाटण्याचे कारणही येथेच सांगितले पाहिजे. 1956 पर्यंत आमचा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात, निजामाच्या जुन्या मुलखात होता. अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार, सोम तालुकदार या दर्जांची नावे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होती, आणि नायब तहसीलदार तर आजही आहेत. राज्यकारभारातील दुय्यमाशी असा परिचय असलेल्या या प्रदेशात धर्मसंस्थांतील दुय्यमही पदोपदी भेटतो. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे जथेदारांच्या जोडीला मीत जथेदार आणि मुख्य ग्रंथींच्या जोडीला मीत ग्रंथी असतात, आणि पंचप्याऱ्यांत त्या सर्वांचा समावेश होतो. म्हणजे तेथे दुय्यमालाही सामूहिक निर्णयात स्वतःचे स्थान आहे. समर्थ रामदासांच्या संप्रदायात चाफळच्या व्यवस्थेचा भार दिवाकर गोसाव्यांवर होता आणि परांड्याजवळ डोमगावी कल्याणस्वामींचा मठ होता. गुरूच्या शब्दाचे लेखन कल्याणस्वामींनी करावे आणि देवस्थानचा बंदोबस्त दिवाकर गोसाव्यांनी पाहावा, ही विभागणी बेनेडिक्टाइनांच्या प्रायर आणि सेलरर यांची आठवण करून देते. माहूरच्या गडावर दत्तपरंपरेचे आणि महानुभावांचे वास्तव्य शेजारी शेजारी नांदते. महानुभावांत चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्यांनी जो पंथ सांभाळला तो संस्थापकाचे स्थान न घेता, त्याच्या आठवणीचे विश्वस्त होऊन सांभाळला.

या तुलना आम्ही जपून करीत आहोत. हजूर साहिबची परंपरा, समर्थसंप्रदाय, महानुभाव पंथ आणि कॅथलिक मठ यांची तत्त्वज्ञाने परस्परांपासून भिन्न आहेत, आणि एकाच्या पदाला दुसऱ्याचे नाव देऊन त्यांतील भेद पुसणे हा अन्याय होईल. परंतु ईश्वराच्या शोधात एकत्र राहणाऱ्या माणसांना शेवटी भाकरीचा, आजाराचा, भांडणाचा आणि मृत्यूचा प्रश्न सोडवावाच लागतो. त्या पातळीवर सारे मठ परस्परांचे शेजारी आहेत.

आज या विषयाचे महत्त्व का, याची तीन कारणे देता येतील. पहिले कारण खुद्द कॅथलिक व्यवस्थेतले. 1983 च्या धर्मसंघीय कायद्याने स्वायत्त मठांच्या प्रमुखांबरोबर त्यांच्या प्रतिनिधींनाही उच्च अधिकाऱ्यांत गणले आहे आणि प्रत्येक प्रमुखाला सल्लागार मंडळ बंधनकारक केले आहे. म्हणजे संत बेनेडिक्ट यांनी सुचविलेला सल्ला आता कायद्याचे कलम झाला आहे. दुसरे कारण आमच्या मराठवाड्याचे. 1977 मध्ये औरंगाबादचा धर्मप्रांत स्थापन झाल्यापासून या भागात शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे चालविणाऱ्या धर्मभगिनींशी सामान्य माणसाचा रोजचा संबंध येतो. परंतु त्यांच्या घरात निर्णय कसे होतात, सुपीरियर बाहेरगावी असता कोणाशी बोलावे, हे जाणणारे थोडे. शेजाऱ्याच्या घराची रीत ठाऊक नसली की गैरसमज वाढतात, आणि ते दूर करणे हे लेखकाचे कर्तव्य आहे.

तिसरे कारण सर्वांत व्यापक आहे. महाराष्ट्रात शिक्षणसंस्था, सहकारी संस्था, देवस्थाने आणि सेवाभावी विश्वस्त मंडळे यांची जी विपुल निर्मिती गेल्या शतकात झाली, तिच्यामागे बहुतेक ठिकाणी एकेका कर्त्या पुरुषाची वा स्त्रीची तपश्चर्या होती. अशा पुष्कळ संस्थांत संस्थापकाच्या डोळ्यांदेखत दुसरा माणूस घडविला गेला नाही, किंवा घडला तर त्याला संशयाने पाहिले गेले; आणि संस्थापकाच्या मागे कोर्टकज्जे, दोन कार्यकारिण्या, दोन शिक्के आणि दोन दप्तरे उभी राहिली. संत बेनेडिक्ट यांनी विचारलेले प्रश्न, म्हणजे दुय्यमाची नेमणूक कोणी केली, तो कोणाला उत्तरदायी आहे आणि प्रमुख त्याचा मत्सर तर करीत नाही ना, हे प्रश्न या संस्थांनी वेळीच विचारले असते तर पुष्कळ अनर्थ टळला असता, असे आम्हांस मनापासून वाटते.

प्रस्तुत ग्रंथाचा प्रयत्न मर्यादित आहे. कॅथलिक मठजीवनाचा समग्र इतिहास येथे नाही, आणि धर्मतत्त्वांची चर्चा पदाच्या आकलनास आवश्यक तेवढीच आहे. मूळ नियमावल्यांतील संबंधित भागांचा आशय सोप्या मराठीत मांडावा, निरनिराळ्या संघांनी त्यांचा अर्थ कसा लावला ते दाखवावे, गोवा आणि वसई येथील घरांच्या निमित्ताने ती व्यवस्था आपल्या मातीत कशी वागली याचा मागोवा घ्यावा, आणि शेवटी आपल्या मठपरंपरांशी तिचा संवाद घडवून आणावा, अशी ही योजना आहे. ख्रिस्ती वाचकाला यात आपल्या परंपरेतील एका उपेक्षित पदाचा इतिहास मिळेल. इतरांना एका प्राचीन, अनुभवसिद्ध व्यवस्थाशास्त्राची ओळख होईल.

आमचे प्रतिपादन एका वाक्यात सांगावयाचे तर असे: संस्थेचे तेज तिच्या प्रमुखात दिसते, परंतु तिचे आयुष्य तिच्या दुय्यमावर ठरते; आणि चांगला दुय्यम हा दैवयोगाने लाभत नाही, तो योग्य नेमणुकीने, स्पष्ट उत्तरदायित्वाने आणि वरिष्ठाच्या निर्मत्सर मनाने घडवावा लागतो. बेकच्या हर्लुइनने तो घडविला, म्हणून जगाला अँसेल्म मिळाले. ज्यांच्या हाती आज एखाद्या शाळेचा, दवाखान्याचा, देवस्थानचा वा मठाचा कारभार आहे, त्यांनी या ग्रंथातील उदाहरणे आपल्या घराशी ताडून पाहावीत आणि आपल्यानंतरच्या माणसाची तयारी आपल्या हयातीतच सुरू करावी, एवढे झाले तरी या लेखनाचे सार्थक होईल.

इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड